जकात माफ

व्यापार करार म्हणजे दोन समान राष्ट्रांमधली देवाणघेवाण. त्यांच्या बाजूला एकतीस वकील होते. आमच्या बाजूला मी आणि माझी सर्दी.

सहीला वर्ष झालं. आज ताईची हृदयाची गोळी आणायला गेलो, तर औषधवाला म्हणाला, "साहेब, आपल्याकडची स्वस्तातली बनवायला करारात बंदी आलीय. आता त्यांचीच घ्या, दसपट महाग. कुठल्या शहाण्याने सही केली देव जाणे!"

रिकाम्या हाताने घरी आलो आणि ताईला सगळं कबूल केलं.

"असू दे रे," ती म्हणाली. "बदल्यात काहीतरी मिळवलं असशीलच ना?"

"आपल्या काचसामानावर तिकडे जकात माफ."

"आपल्याकडे काचेचा कारखाना आहे?"

"शेजारच्या देशात आहे," मी चपला बघत म्हणालो. "आपल्या मागण्यांची यादी मी त्या शेजाऱ्यांच्या करारातून उतरवली होती."