आलेपाकाचा भाव

फळीवरच्या आलेपाकाचा भाव आज निम्म्यावर आला होता. शर्वरीकाकूंना वाटलं, माल शिळा असणार.

"ताजा आहे, काकू," दुकानदार तांडेल म्हणाला. "फळीवरचं हे यंत्र गिऱ्हाईकाची नजर ओळखून भाव लावतं. ज्याला ओढ जास्त, त्याला महाग. तुमच्या नजरेत ती आता पूर्वीइतकी दिसत नाही."

काकूंचा नवरा निखिल गेल्यापासून त्याच्या आवडीचा आलेपाक त्या न चुकता नेत होत्या, पडेल त्या भावाने. स्वतः एक वडीही त्यांनी कधी तोंडात टाकली नव्हती.

"मला जुनाच भाव लाव रे."

"ते माझ्या हातात नाही, काकू."

आलेपाकावर नजर रोखून काकू निखिलचा चेहरा आठवू लागल्या. बराच वेळ आठवत राहिल्या.

भाव आणखी उतरला.