पेटीत मावेल तेवढाच समुद्र

पिंपाचं झाकण काढलं तेव्हा दोन मासे उताणे तरंगत होते. शांतलिंग सरांचा चेहरा खर्रकन उतरला. रत्नागिरीच्या मित्राला तीन पत्रं टाकली, तेव्हा कुठं हा ऐवज उमरग्याच्या कॉलेजात पोचला होता: दोन कॅन समुद्राचं पाणी आणि पत्र्याच्या पिंपात खडकांतल्या डबक्यांतले जिवंत जीव.

"रातभर खड्ड्यातनं गाडी आणली. म्या काय करणार?" ड्रायव्हर महालिंगप्पा म्हणाला. सुक्या मासळीचा माल त्यानं पहाटेच बाजारात उतरवला होता. दहा वाजता परत रत्नागिरीची वाट धरायची होती.

पुतळाबाईनं मेलेले दोन्ही मासे बाहेर काढले आणि ती पिंपावर ओणवी झाली. नऊ वर्षं ती या प्रयोगशाळेत परिचर होती. कपाटातल्या बरण्या रोज पुसायची. मासा, खेकडा, तारामासा, सगळे औषधात मुरून पांढरेफटक पडलेले. पोरी विचारायच्या, मावशी, यांचा खरा रंग कुठला? तिला तरी कुठं ठाऊक होता!

"वेळ घालवू नका. सगळेच पेटीत सोडू," सर म्हणाले.

टेबलावर काचेची पेटी तयार होती. जेमतेम तीन घागरी पाणी मावेल एवढी. कॅनमधलं पाणी तिच्यात ओतून झालं होतं, आणि विजेचा भरवसा नाही म्हणून सरांनी हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबला बारीक नळी जोडून ती पाण्यात सोडली होती.

"एवढ्याशा पाण्यात सगळे जगतील?" पुतळाबाईनं विचारलं.

"बघू."

"ऊन लई हाय सर. पाणी आटलं तर?"

"आटतं ते नुसतं पाणी. मीठ मागं राहतं. म्हणून रोज वरून तांब्याभर गोडं पाणी घालायचं. नाहीतर खारटपणा वाढून मरतील."

"समुद्राला गोडं पाणी?"

"हो."

"आन ते आणायचं कुठनं?"

गावात दोन दिवसांआड टँकर येत होता. कॉलेजच्या टाकीतला एक थेंबही माशांना मिळणार नाही, असं प्राचार्यांनी आधीच बजावलं होतं.

पुतळाबाईनं पदर खोचला. "माझ्या घागरीतलं घालीन. पण मग कोण ऱ्हाणार न् कोण जाणार, ते म्या ठरवणार."

तिनं महालिंगप्पाकडून चिमूटभर सुकट मागून घेतली, चुरली आणि पिंपात टाकली. मग स्टूल ओढून बसली. बाजारात शेळी पारखावी तशी एकेकाला निरखत राहिली.

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक मासा सगळ्यांत देखणा होता. सुकट सोडून तो दुसऱ्यांच्या शेपट्यांना चावे घेत फिरत होता.

"हा नको."

"अहो, मुली यालाच बघायला येतील!"

"उद्या बाकीचे मारंल. मेलेले बघायला बरण्या हायतच की."

तळाशी बोटाएवढा मातकट मासा पंखांवर टेकून बसला होता. समोर आलेला कण त्यानं मटकन गिळला आणि पुन्हा गप्प बसला. पुतळाबाईनं त्याला ओंजळीत उचलून पेटीत सोडलं. एक खेकडा शंख पाठीवर घेऊन खाली पडलेलं उष्टं वेचत होता. "घर झाडून ठेवील," म्हणून तोही गेला. मग दोन गोगलगायी. काचेसारखी आरपार दिसणारी एक कोळंबी.

सरांनी दगडाला चिकटलेला खजुरासारखा एक गोळा पुढं केला. "हे समुद्रफूल. आत्ता मिटलंय. एवढं तरी ठेवा."

"जितं हाय?"

"आहे. शपथेवर सांगतो."

तिनं एकदा गोळ्याकडं आणि एकदा सरांकडं पाहिलं. "बरं. हे एक तुमच्या शब्दावर."

पिंपात अजून अकरा जीव उरले होते. तिनं झाकण लावलं आणि पिंप महालिंगप्पाच्या पुढ्यात सरकवलं.

"परत न्या."

"अक्का, मासेच की! वाटंत मेले तर?"

"मरतीलबी. पण हितं ठेवले तर नक्कीच मरतील." पुतळाबाई उठून उभी राहिली. "बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडं दोन बैल होते. वैरण एकाची. दुसरा सासऱ्यानं बाजाराला न्हेला न्हाय. चार दिस चालत गोदाकाठी, गंगथडीला पावण्याकडं न्हेऊन सोडला. आपल्याला जगवता येत न्हाय, तर जिथं पाणी हाय तिथवर पोचवावं माणसानं."

महालिंगप्पानं पिंप खांद्यावर घेतलं. ट्रकपर्यंत ती त्याच्यामागं गेली, पिंपाला ओलं पोतं गुंडाळलं, आणि वाटेत दर थांब्याला पाणी हलवायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

सर दोन दिवस तासातासाला येऊन समुद्रफुलापुढं उभे राहत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उमललं. हिरवट, टोकाला गुलाबी. अकरावीच्या मुली एकमेकींच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. ओरडायचंही विसरल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्य आत आले. पुतळाबाई पेटीत तांब्याची बारीक धार धरून होती.

"हे पाणी कुठलं?"

"माझ्या घरचं, साहेब."

प्राचार्य चष्मा सावरून काचेशी वाकले. तळाशी मातकट मासा पंखांवर टेकून त्यांच्याकडंच बघत होता.

"एवढासाच? अख्ख्या समुद्रात याच्याहून चांगलं काही मिळालं नाही?"

"मिळालं हुतं की," पुतळाबाई धार न मोडता म्हणाली. "परत पाठवलं."