कुंडीखालची चावी

बाबांचं कुठल्याच सरकारशी कधी पटलेलं नाही, आणि हे ते रोज सकाळी दाढी करायच्या आधी फेसबुकवर जाहीर करतात. आम्ही आठवडाभरासाठी समुद्रकिनारी गेलो, तर हॉटेलच्या खोलीत पाय टाकताच त्यांनी पोस्ट लिहिली: 'शहराची सुरक्षा वाऱ्यावर आहे. आमच्या गल्लीत पोलीस फिरकतसुद्धा नाहीत. माझं घर आठवडाभर बंद आहे, चावी जास्वंदीच्या कुंडीखाली आहे. आहे का कुणाला काळजी?'

संध्याकाळी फोन वाजला. बाबांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, चौकीतून हवालदार बोलतोय. तुमचा नंबर शेजाऱ्यांकडून घेतला. पोस्ट वाचून तुमच्या घरी जाऊन आलो. चावी खरंच कुंडीखाली होती."

"होती म्हणजे?" बाबांचा आवाज एकदम खाली आला.

"आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. परत आलात की ओळखपत्र दाखवून घेऊन जा. आणि आधी ती पोस्ट काढा."

आईने कपाळावर हात मारून घेतला. बाबांनी मुकाट्याने पोस्ट काढली आणि फोन बाजूला ठेवला. आम्हाला वाटलं, चला, निदान सुट्टी तरी सुखात जाईल.

जेवायला खाली उतरेपर्यंत त्यांची नवी पोस्ट आलेली होती: 'सरकारची नजर आता सामान्य माणसाच्या कुंडीखालीही पोहोचली आहे. जागे व्हा.'

त्याखाली पहिली कमेंट हवालदारांची होती: 'कुंडी सुकली होती, काका. पाणी घातलंय.'