खिशातले हात

केंटकीच्या डोंगरात हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. जावयाने भिंतीवरची रायफल खाली काढली, तेव्हा नुसत्या खडखडीवरून डेलबर्ट म्हणाला, "डस्टिन, दस्त्याचा स्क्रू ढिला झालाय."

"मग द्या ना आवळून, सासरेबुवा!" डस्टिन हसला. "अरे हो, हात लावलात तर परत आत! अख्ख्या तालुक्याच्या बंदुका दुरुस्त करायचात, आणि शेवटी शेण खाल्लंत."

डेलबर्टने दोन्ही हात खिशात घातले. ती रायफल त्यानेच घडवली होती. शिक्षा झाली तसं दुकानाचं लायसन्स गेलं आणि बंदुकीला हात लावायचा हक्कही गेला.

डस्टिन गाडी काढायला बाहेर पडला. ड्यूटीवर निघालेली मार्लीन नर्सच्या गणवेशातच स्क्रू आवळायला बसली. "बाबा, आज सांगूनच टाकते त्याला. तुमच्या गाडीत सापडलेली ती नशेची औषधं माझी होती."

"गप. तुझं नर्सचं लायसन्स राहावं म्हणून मी आत जाऊन आलो. आता कशाला उकरतेस?"

तिच्या हातून स्क्रू ड्रायव्हर निसटला. त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, चार वर्षांपूर्वी ती औषधं घेतल्यावर व्हायच्या तशाच.