गेटाच्या आत

बंगळुरूला नर्स असलेली सोमारी सहा वर्षांनी नागपूरच्या विमानतळावर उतरली. घ्यायला कोणी येणार नव्हतं, म्हणून तिनं मोबाइलवरून आधीच गाडी सांगून ठेवली होती. कुठं जायचं, या रकान्यात तिच्या गावाचं नाव काही केल्या सापडेना, तेव्हा तिनं जंगलाच्या गेटचं नाव टाकलं होतं. गर्दीत तिच्या नावाची पाटी धरून उभ्या असलेल्या ड्रायव्हरनं बॅग डिकीत ठेवली, पण नवं कोरं लुगडं तिनं मांडीवरच घेतलं.

"मॅडम, सफारीचं बुकिंग हाय ना? त्याबिगर गेटातून आत नाई सोडत."

"हाय."

"अन् हे लुगडं कोणाले?"

"मायले. आत राह्यते."

ड्रायव्हरला हसू आवरेना. "आत आता वाघच राह्यते, मॅडम! अन् जिप्सीतून खाली पाय ठेवू देत नाई."



"ठाऊक हाय, भाऊ," लुगड्याची घडी नीट करत सोमारी म्हणाली. "आमचं गाव उठवलं तवा सगळ्यांले बाहेर आणलं, मातीत ठेवलेली माय तेवढी आतच राह्यली. लुगडं तिले गाडीतूनच दाखवीन."