ताईचा सल्ला

रेडिओच्या चिप डिझाइन करायला शिकायचं म्हणून धाकटीनं अर्ज केले आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळाला: एका लहानशा विद्यापीठात आणि ताई संशोधन करत होती त्या नामांकित विद्यापीठात, तोही पहिल्याच फटक्यात. ताईला तिथं शिरायला तीनदा अर्ज करावा लागला होता. आता ही बया आपल्या शेजारच्या टेबलावर बसणार आणि आपले मार्गदर्शक सर उठता-बसता हिचंच कौतुक करणार, या विचारानंच ताईच्या पोटात दुखू लागलं.

"ताई, तुझ्याकडेच येऊ ना गं?" धाकटीनं फोनवर विचारलं.

"छे! त्या लहान विद्यापीठात जा. तिथं पहिल्याच वर्षी प्रत्येकाची स्वतःची चिप बनते," ताईनं ठोकून दिलं.

वर्षभरानं ताईला पार्सल आलं. काळ्या फोममध्ये खोचलेली नखाएवढी चिप. ताईची स्वतःची चिप पाच वर्षं झाली तरी कॉम्प्युटरच्या पडद्याबाहेर आली नव्हती. सोबत चिठ्ठी होती:

"ताई, तू म्हणालीस तस्संच झालं. ही माझी पहिली चिप, तुझ्यासाठी. मला जवळ ठेवून घ्यावंसं तुला किती वाटलं असेल! तरी मनावर दगड ठेवून तू मला इकडे पाठवलंस."