सावडीचं छप्पर

जानकू छपरावरून खाली आला, पण शिडीनं नव्हे.

घाटघरचा वारा तो. खाली कोकणात कुणी डोकं खाजवायला टोपी काढली, तर ती इथं येऊन पडते. हौशीरामच्या घरावरचे पत्रे त्या वाऱ्यानं उचलून पार भातखाचरात नेले होते आणि आज सगळी आळी सावडीनं ते परत चढवत होती. सावड म्हणजे आज तुझ्या घरी, उद्या माझ्या. मजुरी नाही, दुपारी कोंबडीचं कालवण, एवढंच.

जानकू अंगणात उताणा पडला होता. शुद्धीवर होता. पाय हलव म्हटलं, तर नुसता सांगणाऱ्याकडं बघत राहिला.

"जीप आण रं!" हौशीराम ओरडला. आळीतल्या बहिरूनं आपली जीप दाराशी आणली. हौशीरामच्या बायकोनं, बयाबाईनं, मागचं फाळकं उघडून आत गोधडी अंथरली.

तेवढ्यात अमृत पुढं झाला. हौशीरामचा पुतण्या. जुन्नरला एका वकिलाच्या हाताखाली असतो. वकील जेवढं बोलत नाही तेवढं हा बोलतो.

"काका, ह्याला वर कुणी चढवलं?"

"चढवलं म्हंजी? त्याचा त्यो चढला. त्याच्या घराला मी न्हाई का गेलतो?"

"कोर्टाला सावड कळत न्हाई. घर कुणाचं? तुमचं. शिडी? तुमची. कमरेला दोर का नव्हता, म्हणतील. उद्या ह्याच्या पोरांनी दावा लावला तर पत्र्यासकट घर जाईल."

"जानकूभावजी तसलं न्हाईत," बयाबाई म्हणाली.

"अरं, कोर्टात कोण चाललंय?" जानकू खालून म्हणाला. "मला दवाखान्यात न्या आधी. हौशा, माझं पाय हायेत का जाग्यावर?"

"हायेत, हायेत." हौशीराम वाकला.

"काका, थांबा. पाठीचं हाड आसंल. उचलताना काय झालं, तर पडून झालं का उचलून झालं, कोण सांगणार? ज्याचा हात लागला, त्याचं नाव लागलं."

हौशीराम वाकलेलाच राहिला. हात जानकूच्या खांद्यापर्यंत जाऊन थांबले. मग ते हळूच मागं आले आणि त्यानं ते विनाकारण धोतराला पुसले.

शेजारचा सावळेराम जानकूला उचलायला अगोदरच गुडघे टेकून बसला होता. तो उठला. बहिरूनं जीप बंद केली. "माझ्या गाडीत न्हाई बाबा. ॲम्बुलन्स येऊ द्या." घाटातून ती कधी येणार, हे त्यालाही ठाऊक होतं. छपरावर राहिलेले एकेक करून खाली उतरले. शिडीला हात लावताना प्रत्येकानं एकदा अमृतकडं बघितलं.

"हौशा," जानकू म्हणाला. "कंबरंखाली गार पडत चाललंय रं."

हौशीराम छपराकडं बघत राहिला. अर्धं झालं होतं. नवे खिळे उन्हात चमकत होते.

बयाबाई खाली बसली. तिनं जानकूच्या खांद्याखाली दोन्ही हात घातले.

"काकी, सगळी बघत्यात," अमृत म्हणाला.

"बघू दे. पाय धरा कुणीतरी."

अंगण माणसांनी भरलं होतं. पण हात कुणाचेच दिसत नव्हते. सगळ्यांनी ते पाठीमागं घेतले होते.